तेलाची चूळ भरली तर दात किडायचे थांबतात का? घाण्यावर रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचा लाकडी घाणा आहे, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या रस्त्याला. आजोबांच्या काळात बैल फिरायचा, आता मोटर फिरते, घाणा मात्र लाकडाचाच. तीळ, जवस, करडी, शेंगदाणा, खोबरं एवढंच काढतो. मागच्या चार-पाच वर्षांपासून एक नवीनच गिऱ्हाईक सुरू झालं, मोबाईलवर व्हिडिओ पाहून लोक येतात न म्हणतात, "भाऊ, तोंडात धरायचं तेल द्या." आधी मीही खुशीत द्यायचो. मग स्वतःची एक दाढ घालवून बसलो (ती गोष्ट खाली येते), तेव्हापासून जरा वाचलं, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टर मॅडम बसतात त्यांचं डोकं खाल्लं, न जे समजलं ते इथं लिहून ठेवलं. रोज तेच तेच सांगून तोंड दुखते, म्हणून.

दादा, हो की नाही तेवढं सांगा. तेलानं कीड थांबते का?

एकट्या तेलानं नाही थांबत. हिरड्यांची सूज थोडी उतरते, सकाळचा तोंडाचा वास कमी होतो, दातावर जो चिकट थर बसतो तो जरा कमी बसतो, इथपर्यंत बऱ्यापैकी खरं आहे. पण कीड अडवायचं मुख्य काम फ्लोराइडवाली पेस्ट करते, न दुसरं काम तुम्ही स्वतः करायचं, म्हणजे गोड कमी वेळा खायचं. तेल वरून केलं तर करा, त्याच्या जागी नको. मी तेल विकतो तरी हेच सांगतो, आमच्या घरच्यांना ते पटत नाही ती गोष्ट वेगळी.

पण दात किडते म्हणजे होते काय? आत किडा असते ना?

नसते बाप्पा. आठवडी बाजारात पूर्वी एक जण बसायचा, भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायचा, नळीनं त्याचा धूर दाढेला द्यायचा न मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे दाखवायचा. आमच्या आजीनं दोनदा "किडे" काढून घेतले, तिसऱ्यांदा दाढच काढावी लागली. ते किडे म्हणजे बियांचेच पांढरे तुकडे, बाकी हाताची सफाई.

खरं असं होते की आपल्या तोंडात जंतू राहतात, त्यातला एक मोठा गुन्हेगार म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. आपण साखर, गूळ, बिस्किट, टोस्ट काहीही खाल्लं की हे जंतू ते खातात न आम्ल सोडतात. दातावरचं जे चमकदार कवच आहे, त्याच्यातला चुना त्या आम्लानं विरघळायला लागते, तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की सुरू. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते न थोडा चुना परत दातात बसवते, त्याला अर्धा ते एक तास लागते. आता गणित करा, आपल्याकडे वावरात जायच्या आधी एक चहा, न्याहारीला एक, दुपारी एक, पाव्हणा आला की एक, संध्याकाळी पारावर एक, न प्रत्येक चहा असा की चमचा उभा राहावा. पाच चहा म्हणजे दिवसाचे कमीत कमी अडीच तास दात आम्लात भिजून राहिले. त्याच्यात घोट-घोट करत अर्धा तास एकच कप पिणारे वेगळेच. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते जास्त नडते. गुळाचा चहा पितो म्हणून आपले दात सुटले असं कोणी समजू नका, जंतूला गूळ न साखर सारखीच.

तेल फिरवलं की पांढरं फेसाळ होते, ती तोंडातली घाणच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. नाही. तेल, लाळ न हवा घुसळली की पांढरंच होते, ताक घुसळल्यावर फेस येतो तसंच समजा. एकदम स्वच्छ तोंडात केलं तरी पांढरं होईल. काही व्हिडिओत सांगतात की तोंडात तेलाचा साबण होतो न तो दात धुतो, तेही जुळत नाही, साबण करायला कॉस्टिक लागते, लाळेत तेवढा खार नसतो. जे काही होते ते एवढंच की तेल दातावर, फटीत फिरते, सैल झालेला थर न अन्नाचे कण धरून बाहेर येते न दात जरा बुळबुळीत होतो, जंतूंना चिकटायला अवघड जाते. शरीरातलं "विष" त्याच्यातून बाहेर निघते, गुडघेदुखी जाते, शुगर उतरते, हे ऐकून आलेल्या माणसाला मी चहा पाजून परत पाठवतो. बिनसाखरेचा.

पण हे तर आयुर्वेदात लिहिलेलं आहे ना?

आहे, न नीट लिहिलेलं आहे, व्हिडिओवाल्यांपेक्षा जास्त नीट. दोन प्रकार आहेत, गंडूष न कवल. गंडूष म्हणजे तोंड इतकं भरायचं की हलवताच येऊ नये, नुसतं धरून ठेवायचं. कवल म्हणजे थोडं घ्यायचं न फिरवायचं. आपण जे करतो ते कवल झालं. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत तिळाच्या तेलाचा गंडूष सांगितला आहे, जबड्याला बळ येते, आवाज सुधारतो, ओठ फुटत नाहीत, दात क्षय पावत नाहीत न मुळाशी घट्ट राहतात असं म्हटलं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा २२ वा अध्यायच गंडूषावर आहे. पण त्याच ग्रंथात पाच वर्षांखालच्या पोराला कवल देऊ नका असंही सांगितलं आहे, ते मात्र कोणी व्हिडिओत सांगत नाही. न या ग्रंथांमध्ये काडीनं दात घासायचं वेगळं सांगितलंच आहे, तेल धरलं म्हणून घासायचं सोडा असं कुठंच नाही.

त्या काळात पाच वेळा साखरेचा चहा न पाच रुपयाचा बिस्किटचा पुडा नव्हता, हेही धरा.

आजकालच्या डॉक्टरांनी तपासलं का कधी?

तपासलं, पण छोट्या प्रमाणात. २००८ च्या सुमारास चेन्नईकडे दाताच्या डॉक्टरांनी २० मुलांवर तिळाच्या तेलाची चाचणी घेतली, एका गटाला तेल, दुसऱ्याला क्लोरहेक्सिडिन म्हणजे डॉक्टर देतात तो माउथवॉश. दोन आठवड्यात तेलवाल्यांच्याही दातावरच्या थरातले म्यूटन्स जंतू कमी झाले. २०१५ मध्ये केरळात ६० पोरापोरींनी महिनाभर खोबरेल फिरवलं, त्यांच्या दातावरचा थर न हिरड्यांची सूज उतरली, पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, मग रोज कोणी दात तपासून राह्यलं म्हणून पोरांनी ब्रशही चांगला केला असेल की काय, कोणाला सांगता येते.

न मुख्य मुद्दा असा आहे की दात किडायला महिने लागतात, वर्षं लागतात. पंधरा दिवसात जंतू कमी झाले याचा अर्थ दोन वर्षांनी दाढ वाचली असा होत नाही. पंधरा दिवस रानडुकरं दिसली नाहीत म्हणून कापणीपर्यंत कोणी जागल सोडते का? म्हणून अमेरिकेतली दंतवैद्यांची मोठी संघटना आहे, ते सरळ सांगतात की पुरावा पुरेसा नाही, आम्ही तेलाची शिफारस करत नाही.

तेल कोणतं घेऊ? तीळ, खोबरं, जवस की सोयाबीन?

सगळ्यात जास्त वापर न चाचण्या तिळाच्या न खोबऱ्याच्या तेलावर आहेत, म्हणून घ्यायचंच तर या दोघातलं एक घ्या. तिळाला थोडा कडवट वास असतो, सवय होते. खोबरेलात जवळपास अर्धा भाग लॉरिक आम्ल असते न ते प्रयोगशाळेत जंतूंना मारते असं दिसलं आहे, पण काचेच्या बशीतला जंतू न दाढेच्या फटीत घर करून बसलेला जंतू यात फरक असतो. हिवाळ्यात आपल्याकडे खोबरेल गोठते, २४ डिग्रीच्या खाली गेलं की झालंच, मग लोक म्हणतात भेसळ आहे. भेसळ नाही, उलट चांगलं लक्षण आहे. बाटली उन्हात ठेवा.

खोबरेल म्हणजे खायचं खोबरेल. डोक्याला लावायच्या वासाच्या तेलाची बाटली तोंडात उपडी करू नका, त्यात सुगंधी न कधीकधी खनिज तेल असते. एक काकाजी सहा महिने तेच करत होते न वरून मला सांगत होते की वास मस्त येते.

जवस आपल्या विदर्भाचं, जुन्या लोकांच्या जेवणात तेच तेल होतं, आवडत असेल तर चालते, फक्त ते लय लवकर खवट होते. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत टिनाच्या खोलीत ठेवलं तर आठ-पंधरा दिवसात वास मारते, म्हणून पावशेरच न्या. न एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका, रंगाच्या दुकानात मिळते ते जवसाचं तेल वेगळं. ते फर्निचरसाठी असते, लवकर सुकावं म्हणून त्याच्यात धातूचे क्षार टाकलेले असतात. ते तोंडात घ्यायचं नाही म्हणजे नाही.

सोयाबीन, सरकी, सूर्यफूल असं रिफाइंड घरात आहे तर त्यानंही फिरवायचं काम होते, फटीतून कण काढायला तेलाला घाण्याचा शिक्का लागत नाही. हे लिहिल्यावर बायको माझ्याकडे पाहून राह्यली. करडी, शेंगदाणा तसंच. मोहाच्या टोळीचं (म्हणजे बियांचं) तेल गडचिरोली-चंद्रपूरकडचे लोक खातात, त्यांना चालते, थंडीत तुपासारखं घट्ट होते एवढंच. तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसानं मात्र ते तेल तोंडात धरू नये.

न कडुलिंबाचं तेल? करंजाचं? ते तर जंतू मारते म्हणतात.

याला माझ्याकडून सरळ नकार. कडुलिंबाचं तेल फवारणीला चांगलं, डोक्यातल्या उवांना लोक लावतात, पण पोटात गेलं तर लहान पोरांना उलट्या, झटके, बेशुद्धी असे प्रकार झालेले आहेत, जीवही गेलेला आहे. फवारणीच्या डब्यातलं तर विचारूच नका. करंजाचं तेल दिव्याला न खरजेला, खायचं तेल ते नव्हे. कडुलिंबाची काडी चावणं वेगळं न बियांचं तेल तोंडात धरणं वेगळं, दोन्ही एकाच झाडाचे म्हणून एक समजू नका. आपण आंबा खातो म्हणून कोय चावत नाही.

लवंगेचं तेल?

त्यात युजेनॉल असते, ते दुखणं बधिर करते, दाताचे डॉक्टरही भरणात वापरतात. पण ते चुळीचं तेल नाही. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फक्त दुखऱ्या दाढेवर, न डॉक्टरकडे पोचेपर्यंतच. हिरडीला लागलं तर भाजते, पांढरं होऊन साल निघते. बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका, घोटभर लवंग तेलानंही लेकराच्या लिव्हरला धोका होतो.

करायचं कसं न किती वेळ?

सकाळी उठल्यावर उपाशी पोटी एक मोठा चमचा, म्हणजे दहा मिलीच्या आसपास. खाली बसून किंवा उभं राहून, मान सरळ, आडवं पडून कधीच नाही. हळू फिरवायचं, डाव्या गालातून उजव्या गालात, दातांच्या फटीतून ओढायचं. जबडा दुखला म्हणजे तुम्ही जोर जास्त लावून राह्यले. पाच ते दहा मिनिटं बस झाली. वीस मिनिटांचा आकडा सगळीकडे फिरतो पण वीस मिनिटं तेल तोंडात धरून म्हशी सोडणं, आंगण झाडणं, फोनवर हुं हुं करणं, त्यात एखाद्या दिवशी ठसका लागतो. मग थुंकायचं, कोमट पाण्यानं खळखळून चूळ भरायची न त्याच्यानंतर ब्रश.

गिळलं गेलं तर?

पोटात थोडं गेलं तर काही होत नाही, खायचंच तेल आहे, जुलाब झाला तर झाला. भीती वेगळी आहे. तेल चुकून श्वासनळीत गेलं न असं रोज थोडं थोडं होत राहिलं तर फुफ्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो, अशा केस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. तेलानं पाण्यासारखा जोराचा ठसका लागत नाही, म्हणून माणसाला समजतही नाही. लकवा झालेल्या, गिळायला त्रास असलेल्या, नेहमी खोकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे करायला लावू नका. म्हातारीचे दात हलतात म्हणून तिच्या तोंडात तेल ओतणारे सुना-लेक पाहिले आहेत, माया खरी असते पण असं नको.

पोट्ट्याचे दुधाचे दात काळे पडले, त्याला तेल देऊ का?

नको. ज्याला चूळ भरून थुंकता येत नाही त्याला तेल नाही, माझ्या हिशोबानं तर सहा-सात वर्षांपर्यंत नाहीच. त्याचे पुढचे दात काळे पडून राह्यले तर पहिले विचारा की रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपते का. बहुतेक वेळा तेच निघते. रात्री लाळ कमी होते, दूध-साखर दाताला तशीच चिकटून राहते. बाटली बंद करा, झोपायच्या आधी पेस्टनं तुम्ही स्वतः घासून द्या, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. न "दुधाचे आहेत, पडून जातील" म्हणू नका, दाढेचे दुधाचे दात दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, ते लवकर पडले की खालचे वाकडे येतात. सरकारी दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावून देतात का ते विचारून पाहा. काळे झालेल्या दातांवर एक चांदीचं औषधही लावतात, त्यानं दात अजून काळा दिसते पण कीड बऱ्याचदा तिथंच थांबते.

तेल केल्यावर ब्रश नाही केला तर चालते का?

नाही. न खरं म्हणजे सकाळपेक्षा रात्रीचा ब्रश महत्त्वाचा, आपल्या गावात तोच कोणी करत नाही. रात्री जेवलं, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला) नाहीतर सुपारी टाकली न झोपलं. पेस्टवर मागे बारीक अक्षरात फ्लोराइड लिहिलेलं पाहा, प्रौढांच्या पेस्टमध्ये १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असते, आपल्या देशात त्याहून जास्त टाकायची परवानगीच नाही. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच ग्लासभर पाण्यानं खळखळ करू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या. दहा रुपयाची ट्यूबही तेच काम करते, त्याच्यासाठी महागडी लागत नाही.

आम्ही तर मुखारी काडीनं करतो, कडुलिंबाची, बाभळीची. आमचे दात तर ठीक आहेत.

असतील, कबूल आहे. काडी चावून चावून तिचा कुंचला होतो न तो थर काढतो, लाळही सुटते. सुश्रुतानं तर कडू झाडांत कडुलिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह न तिखटांत करंज श्रेष्ठ सांगितला आहे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या माणसाला मोहाची काडी घ्यायला हरकत नाही. फक्त काडी मागच्या दाढांच्या आतल्या बाजूनं पोचत नाही, कीड नेमकी तिथंच लागते, न काडीत फ्लोराइड नसते. सकाळी काडी, रात्री पेस्ट, असं जमवा.

राखुंडी, विटेचा चुरा, कोळसा मात्र सोडा. त्यानं दात पांढरा दिसते कारण वरचं कवचच घासून निघते, मग थंड पाणी लागलं की कळ येते. गुडाखू न मिश्री म्हणजे तंबाखूच, ते मंजन नव्हे.

विकतचा माउथवॉश बरा की तेल?

कशासाठी यावर आहे. हिरडीला ऑपरेशन झालं, ब्रश करता येत नाही, तेव्हा डॉक्टर क्लोरहेक्सिडिन देतात, ते तेलापेक्षा भारी आहे पण दोन आठवड्यांवर घेतलं तर दात तपकिरी पडतात न तोंडाची चव जाते. लिस्टरिन १८७९ पासूनचं आहे, त्यातही वनस्पतींच्या तेलातले अर्कच आहेत, थायमॉल, निलगिरीचा अर्क, पुदिन्याचा. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याच्या वासाचा जो मुख्य पदार्थ आहे तो. पण म्हणून ओव्याचं तेल बाटलीतून तोंडात घेऊ नका, ते लय तीव्र असते, ओवा चावा किंवा पाण्यात उकळून त्याची चूळ भरा. कीड अडवायला माउथवॉश घ्यायचाच असेल तर फ्लोराइडवाला, नुसतं तोंड साफ करायला मिठाच्या कोमट पाण्याची चूळही स्वस्तात पडते. हिशोबानं पाहिलं तर रोज दहा मिली तेल म्हणजे महिन्याला ३०० मिली, घाण्याच्या तिळाच्या तेलाचे तेवढे पैसे पेस्टच्या कितीतरी पट होतात.

आमच्या गावात सगळ्यांचेच दात पिवळे-तपकिरी आहेत, तेलानं पांढरे होतील का?

पट्टे पट्टे असतील, लहानपणापासून असतील तर ते फ्लोरोसिस असू शकते, बोअरच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडनं होते. यवतमाळ न चंद्रपूर जिल्ह्यात अशी कितीतरी गावं आहेत. पाण्यात लिटरमागे १ मिलीग्रामपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरी सोय नसेल तर जास्तीत जास्त १.५, त्याच्यावर गेलं की दात घडायच्या वयात म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत पोरांच्या कवचात डाग बसतात, न वर्षानुवर्षं लय जास्त पोटात गेलं तर हाडं आखडतात. तो डाग दाताच्या आतला आहे, तेल काय न कोळसा काय, निघत नाही. पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटते न फ्लोराइड तेवढंच राहते. बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी लॅबमध्ये तपासून घ्या, ग्रामपंचायतीच्या मागे लागा, न अशा गावातल्या लहान पोरांना पेस्ट कोणती द्यायची ते दंतवैद्याला विचारून ठरवा.

म्हणजे काही लोक विचारतात तसं, फ्लोराइड चांगलं का वाईट? दातावर बाहेरून लागलं तर चांगलं, पोटात जास्त गेलं तर वाईट. युरियाही पिकाला मुळाशी टाकतो, जेवणात नाही.

खर्रा खाल्ल्यावर तेलाची चूळ भरली तर निपटते का?

हे विचारणारे सगळे तरुण असतात न विचारताना गाल फुगलेला असतो. नाही निपटत भाऊ. सुपारी, तंबाखू न चुना पन्नीत घोटून गालात तासभर ठेवल्यावर गालाची आतली कातडी आखडायला लागते, मग तोंड उघडत नाही. तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा, जात नसतील तर उशीर करू नका. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तरी दाखवा. राज्यात २०१२ मध्ये गुटखा बंद झाला तर लोकांनी खर्ऱ्यानं कसर भरून काढली. गडचिरोलीत सर्च संस्थेच्या डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं मुक्तिपथ हे दारू-तंबाखू सोडवायचं अभियान चाललं आहे, तिथल्या गावागावांनी खर्रा बंदीचे ठराव घेतले, आपल्या ग्रामसभेत हा विषय कोणी काढेल त्या दिवशी पेढे माझ्याकडून. पेढे नको, शेंगदाणे.

दाढ दुखून राह्यली, आठ दिवस तेल करून पाहतो न मग जातो. चालेल?

हेच मी केलं होतं. खालची उजवी दाढ, आधी थंड लागलं की झिणझिण, मी म्हटलं घरचंच तेल आहे, रोज सकाळी तीळ. झिणझिण कमी झाली तर मला वाटलं तेल लागू पडलं. सांगतही सुटलो लोकांना, गिऱ्हाईक वाढलं. आता समजते की आतली नस मरून राह्यली होती म्हणून दुखणं थांबलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी ऐन कापूस वेचणीत एका रात्री गाल असा सुजला की डोळा बंद. सुरुवातीला गेलो असतो तर एका भरणात काम झालं असतं, नंतर रूट कॅनल म्हणाले, पण दाढ उभी चिरली होती म्हणून काढूनच टाकली. अजून त्या बाजूनं भाकरी चावत नाही.

दातावर नुसता खडूसारखा पांढरा डाग आहे तोपर्यंत फ्लोराइडनं तो भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला की कोणतंच तेल, चूर्ण, काढा तो बुजवत नाही, दगड फुटल्यावर तेल लावून जुळतो का? न गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला जड जाते, असं झालं तर त्याच रात्री दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही, ती सूज गळ्यात उतरते न जीव घेते. उपजिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, मोठं काम असलं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दाताचं कॉलेज आहे. कॉलेजात पोरं शिकत असतात म्हणून घाबरू नका, मागे सर उभे असतात न खर्च कमी येतो. एसटीचं तिकीट न एक दिवसाची मजुरी जाते, हे मला माहीत आहे.

शुगर आहे, चालते का? गरोदर आहे, चालते का?

दोघांनाही चालते. पण शुगरवाल्यांच्या हिरड्या लवकर खराब होतात न गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येते, म्हणून या दोघांनी एकदा दात दाखवूनच घ्यावे. सकाळी मळमळत असेल तर तेल तोंडात घेऊच नका, ओकारी येईल. कवळी असेल तर काढून ठेवून करा.

थुंकायचं कुठं?

नालीत नाही, बेसिनमध्ये नाही. हिवाळ्यात खोबरेल पाइपात गोठते न मग प्लंबर तालुक्याहून येते. उकिरड्यावर, राखेवर किंवा कागदात थुंकून टाका. तुळशीत थुंकणाऱ्या एका मामाजींना मामीनं काय केलं ते इथं लिहीत नाही.

तेल किती दिवस टिकते, न कधी घ्यायला यायचं?

तीळ न खोबरं दोन-तीन महिने, काचेच्या बाटलीत, अंधारात, झाकण घट्ट. चुलीच्या वर शिंक्यात ठेवू नका. जवस पावशेर न्या न पंधरा दिवसात संपवा, खवट वास आला की दाराच्या बिजागरीला लावा. चमचा ओला घालू नका. आमच्याकडे तीळ न जवस मंगळवारी निघते, बाकी शुक्रवारी, लाइन असली तर. बाटली घरून धुऊन, कोरडी करून आणा.